आतले अस्तर

कापडाच्या दुकानात बायका किती वेळ घालवतात या विषयावर मराठीत आजवर जितके विनोदी लेख झाले आहेत, तितके लुगड्यांचे प्रकारही झाले नसतील. आणि त्यांतले निम्मे तरी दिवाळी अंकांतून! नवरा बाकावर बसून जांभया देतो आहे, दुकानदार थप्पीमागून थप्पी उलगडतो आहे, आणि बाईसाहेब अखेर अगदी पहिले दाखवलेले पातळच पसंत करतात. या विनोदाला मीही पुष्कळ वर्षे हसत आले. पण चाळिशी ओलांडल्यापासून मला त्या बाईची बाजू घ्यावीशी वाटू लागली आहे. ती वेळ घालवीत नसते, ती वाचीत असते. काठ, पोत, पदर, रंग किती पक्का, कोणाच्या लग्नाला कोणी असले नेसले होते, आपल्या वयाला हे शोभेल की लोक हसतील, हे सगळे त्या पाच वारांत लिहिलेले असते. बाकावर बसलेल्या माणसाला ती लिपी येत नाही, त्याला तिने काय करावे?

हे सुचायला एक निमित्त घडले. माझा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरी करतो. आमच्या अलिबाग भागातली पुष्कळ मुले दर्यावर जातात आणि परत येताना चॉकलेटे किंवा अत्तराची बाटली आणतात. या पठ्ठ्याने योकोहामाहून माझ्यासाठी पोस्टकार्डांची एक पेटी आणली. "बाई, तुमच्या कादंबऱ्यांत साड्यांची वर्णनं फार असतात, म्हणून," असे तो म्हणाला. हे कौतुक होते की टीका, ते मी विचारले नाही. माझ्या पहिल्या कादंबरीवर एका परीक्षकाने नेमका हाच शेरा मारला होता आणि तो मुळीच कौतुकाचा नव्हता.

पेटीत जपानी लाकडी ठशांची चित्रे होती. दोनअडीचशे वर्षांपूर्वीच्या बायका. कोणी छत्री धरून चालली आहे, कोणी मान वळवून पाहते आहे, कोणी केस विंचरते आहे. पहिल्या नजरेला सगळ्यांचे चेहरे एकच: लांबट, नाक म्हणजे एक रेघ, डोळे म्हणजे दोन फटी, ओठ म्हणजे लाल ठिपका. चेहऱ्यावरून एकीला दुसरीपासून ओळखणे कठीण. पण अंगावरची वस्त्रे! एकीच्या अंगावर पाण्याचे भोवरे, दुसरीच्या अंगावर बर्फाने वाकलेला बांबू, तिसरीच्या अंगावर नुसत्या उभ्या रेघा. जणू चित्रकाराने जे सांगायचे ते सगळे कापडावर सांगितले आणि चेहरा मोकळा सोडला.

त्यानंतर वर्षभर मी या चित्रांच्या मागे लागले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते ग्रंथालयांनी केले. आता तर परदेशी संग्रहालये आपली चित्रे संगणकावर उघडी करून ठेवतात, त्यामुळे आमच्यासारख्यांची मोठीच सोय झाली आहे. रात्री मुलांच्या वह्या तपासून झाल्या की मी एदो शहराच्या गल्ल्यांतून फिरून येत असे.

या चित्रांना उकियो-ए म्हणतात. 'उकियो' म्हणजे तरंगते जग. गंमत अशी की याच उच्चाराचा जुना बौद्ध शब्द 'दुःखाने भरलेले जग' या अर्थाचा होता. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले आणि दुःखाचे जग पाण्यावर तरंगायला सोडून दिले. नाटकशाळा, चहाची दुकाने, फुलांचे बहर, नवे कपडे असे ते जग. आरंभीचा एक मोठा चित्रकार मोरोनोबु हा भरतकाम करणाऱ्या घराण्यातला. १६९४ मध्ये तो वारला. मागे वळून पाहणाऱ्या लाल वस्त्रातल्या तरुणीचे त्याचे चित्र १९४८ मध्ये जपानच्या टपाल तिकिटावर आले. ते ठशाचे नाही, रेशमावर हाताने रंगवलेले आहे. पण मला त्यातली खरी गोष्ट दिसते ती तिच्या पाठीवरची ओबीची गाठ. ती गाठ त्या काळी नवी होती आणि तिला किचिया या नटाचे नाव होते. जपानात १६२९ मध्ये बायकांना रंगभूमीवर बंदी झाली, त्यानंतर स्त्रीभूमिका पुरुषच करीत. आणि हे पुरुष जे नेसत, तेच मग घरोघरच्या बायका नेसू लागत. बालगंधर्व जसे नेसत तसे नेसायला आमच्या आज्या-पणज्या शिकल्या, हे ज्यांनी घरात ऐकले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

पुढे १७६५ साली रंगीत छपाईची युक्ती पूर्णत्वाला गेली. तीही कशासाठी? तर पंचांगासाठी! त्यांच्या चांद्र पंचांगात काही महिने तीस दिवसांचे आणि काही एकोणतीस दिवसांचे असत, आणि हा क्रम दरवर्षी बदले. पंचांग छापायचा हक्क मात्र सरकारमान्य मोजक्या छापखान्यांना. तेव्हा एदोच्या हौशी रसिक मंडळींनी महिन्यांचे आकडे तरुणीच्या किमोनोच्या नक्षीत किंवा ओबीच्या वेलबुट्टीत लपवून चित्रे छापून घेतली आणि नववर्षाला एकमेकांना वाटली. ज्याने नक्षी नीट वाचली त्याला पंचांग मिळाले. अशा चित्रांतला अग्रणी हारुनोबु. त्याच्या बहुरंगी चित्रांना निशिकी-ए, म्हणजे जरतारी कापडासारखी चित्रे, असे नाव पडले. नावसुद्धा कापडाचेच.

हे चित्र एका हाताचे नसे. प्रकाशक पैसे घाली आणि विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद रानचेरीच्या लाकडावर उलटा चिकटवून कोरणारा कोरी. कपाळावरचे केसाएवढे केस कोरायचे काम नवशिक्याला कधी देत नसत, ते उस्तादाचे. मग रंगागणिक एकेक ठोकळा. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला ओलसर कागद प्रत्येक ठोकळ्यावर नेमक्या त्याच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात खुणेच्या खाचा असत. छापणारा बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने कागदाची पाठ घोटी. पांढऱ्यावर पांढरी नक्षी हवी असली तर रंगच लावीत नसत, कोऱ्या ठोकळ्यावर कागद दाबून नक्षी उठवीत. काळ्या ओबीवर काळीच नक्षी हवी असली तर कागद वरून घोटून तेवढाच भाग चमकवीत. चित्र हातात धरून तिरपे केले की ती नक्षी दिसते, सरळ धरले की नाहीशी होते. आणि एवढी मेहनत घेतलेली ही वस्तू विकली जाई साधारण वाडगाभर शेवयांच्या किमतीला! श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हे, भिंतीवर खळीने चिकटवायला.

माझी आई शिवणकाम करते. वडील गेले तेव्हा मी दहावीला होते. त्यानंतर तिने मशीन घेतले, ते आजतागायत चालू आहे. गावातल्या तीन पिढ्यांची पोलकी तिने शिवली आहेत. तिचे वाचन फारसे नाही, पण कापड तिच्याइतके नीट वाचणारे दुसरे माणूस मला ठाऊक नाही. मी तिच्यापुढे पोस्टकार्डे मांडली तेव्हा चेहऱ्यांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"बाय, याला मुंढा नाही," ती म्हणाली.

खरेच नव्हता. किमोनोला मुंढा नाही, घेर नाही, कळ्या नाहीत. सुमारे दीड वीत पन्ह्याचा, बारा मीटरच्या आसपास लांबीचा एक तागा. त्याचे सगळे तुकडे सरळ: दोन अंगाचे, दोन बाह्यांचे, दोन पुढच्या आच्छादनाचे आणि दोन गळपट्टीचे. वाकडी कात्री कुठेही चालत नाही, म्हणून कातरणही उरत नाही. आणि धुवायचा झाला तर जुन्या पद्धतीत सगळी शिवण उसवीत, तुकडे पुन्हा टाचून तागा करीत, धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवीत आणि परत शिवीत. झिजलेली बाजू आत जाई, आतली बाहेर येई. आईचा किमोनो लहान होऊन लेकीचा होई, लेकीचा विटला की तान्ह्याचे दुपटे.

हे सांगितले तेव्हा आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शहाणी माणसं."

त्या पेटीत उतामारोचे एक चित्र आहे, १७९४-९५ च्या सुमाराचे. विषय शिवणकाम. एक बाई झिरझिरीत कापड दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर ताणून धरते आहे आणि त्या कापडातून ती पलीकडे दिसते. चित्रकलेची पुस्तके या जागी त्या पारदर्शकपणाची फार तारीफ करतात: लाकडात कोरून झिरझिरीतपणा दाखवणे म्हणजे केवढे कसब! ते खरेच आहे. पण आईने पाहून सांगितले, "तुटका धागा बघतेय ती. शिवायच्या आधी बघावंच लागतं." पुस्तकांतून मला हे मिळाले नव्हते.

उतामारोच्याच चित्रांची एक मालिका १८०५ च्या आसपासची आहे: उन्हाळी वस्त्रांतल्या त्या काळच्या सुंदरी. तिच्यातल्या चित्रांवर कापडाच्या दुकानांची नावे आहेत. अमक्या दुकानी आलेल्या मालाला शोभणारी बाई, तमक्या दुकानच्या नक्षीला शोभणारी बाई. म्हणजे सरळसरळ जाहिरात! त्यांतले एक दुकान एचिगोया. मित्सुई घराण्याने ते १६७३ मध्ये एदोत काढले आणि रोख पैसे, एकच भाव, हवे तेवढे कापून मिळेल अशी त्या काळी नवलाची पद्धत सुरू केली. तेच आजचे मित्सुकोशी. बाईला शोभणारे कापड नव्हे, कापडाला शोभणारी बाई, ही शब्दांची अदलाबदल मला दुकानदाराच्या हुशारीपेक्षा जास्त बोचली. पण आपल्याकडच्या दिवाळीच्या जाहिराती पाहिल्या तर त्या दुकानदाराला नावे ठेवायला तोंड उरत नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी वाचून मी खुर्चीवरून उठले होते. उभ्या रेघांच्या कापडाला जपानीत 'शिमा' म्हणतात. 'शिमा' म्हणजे बेटही. दूर दक्षिणेच्या बेटांवरून जहाजातून आलेले कापड म्हणून ते शिमा, असे सांगतात. खरे तर ते पुष्कळसे आपल्याकडचे होते. मद्रासेजवळच्या सान थोमे बंदरावरून नाव पडलेले 'सान्तोमे' रेघांचे कापड, बंगालच्या नावाचे 'बेंगारा', छापील फुलांचे 'सारासा'. आणि एक रेशमी कापड, 'चाउ'. हे चाउ म्हणजे चौल!

आमचे चौल. नारळी-पोफळीच्या वाड्यांचे, दत्ताच्या डोंगराचे, जिथे मी लहानपणापासून यात्रेला जाते ते. पोर्तुगीज तिथे सोळाव्या शतकात ठाण मांडून होते. १५४३ मध्ये ते जपानला पोचले आणि त्यांच्या जहाजांतून इकडचे रेशीम तिकडे जाऊ लागले. पुढे १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकलले. व्यापार डचांच्या हाती गेला. पण कापडाचे नाव राहिले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योटोचे विणकर स्वतःच 'चाउ' विणू लागले. ते बहुतेक पुरुषांच्या घोळदार हाकामासाठी वापरीत हे कबूल. तरी पण! रेवदंड्याच्या तटावर उभे राहून कोणाच्या मनात आले असेल, की इथल्या मागावरच्या ताग्याचे नाव सातासमुद्रांपार, गावाचे नाव न ऐकलेल्या माणसांच्या तोंडी राहणार आहे? आज मी चौलभर फिरले तरी मला मागाचा आवाज ऐकू येत नाही.

आईला हे सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. "आपलं चौल?" तिने तीनदा विचारले. नंतर दोन दिवस पोलकी शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती ही बातमी देत होती आणि दर खेपेला तिच्यात थोडी भर पडत होती. अखेर जपानचा राजा चौलचे धोतर नेसतो इथपर्यंत मजल गेली, तेव्हा मी आवर घातला.

एदोच्या सरकारला बायकांच्या कपड्यांची फार काळजी. किंवा भीती म्हणा. व्यापाऱ्याची बायको सरदाराच्या बायकोहून भारी नेसू लागली तर जगाचा क्रम कसा राहायचा? म्हणून १६८३ मध्ये हुकूम निघाला, की जरीचे, भरतकामाचे आणि सबंध अंगभर बारीक बांधणीचे कपडे सामान्य बायकांनी वापरू नयेत. असे हुकूम पुनःपुन्हा निघाले. पुनःपुन्हा निघाले याचाच अर्थ कोणी ते पाळीत नव्हते. चित्रांवरही वरवंटा फिरलाच. १७९० च्या दशकात चहाच्या दुकानांतल्या मुलींची नावे चित्रांवर छापायला मनाई झाली. १८०४ मध्ये उतामारोला जुन्या राज्यकर्त्याची चित्रे काढल्याबद्दल पन्नास दिवस हातांत बेड्या घालून ठेवले आणि दोन वर्षांनी तो वारला.

लोकांनी मग काय करावे? त्यांनी बाहेरून साधे व्हायचे ठरवले. तपकिरी, करडा, निळा, एवढेच रंग वापरायचे ना? ठीक आहे. एदोत म्हणच पडली: अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर करडे. उंदराचा करडा वेगळा, राखेचा वेगळा, निळसर करडा वेगळा. बाहेरून काडीसारख्या रेघांचे साधे सुती कापड, आणि आतले अस्तर मात्र भारी रेशमाचे, रंगवलेले, नक्षीचे. चालताना कडेची एक दुमड उलटली, बाही जरा वर गेली, की क्षणभर आतला लाल दिसे आणि पुन्हा झाकला जाई. या साऱ्या वृत्तीला त्यांनी शब्द दिला 'इकी'. त्याला नेमका मराठी प्रतिशब्द मी पुष्कळ शोधला. 'नखरा' म्हणावे तर तो उथळ होतो आणि 'साधेपणा' म्हणावे तर ते खोटे होते.

प्रतिशब्द सापडला नाही, पण वस्तू सापडली. ती आमच्याच घरात होती.

वडील गेल्यावर आईने रंग सोडले. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. आमच्याकडे केस काढण्याचे किंवा पांढरे नेसण्याचे दिवस केव्हाच गेले होते. पण न सांगताही एक हुकूम असतोच, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे डोळे गल्लीगल्लीत असतात. चाळिशीची बाई. तिने हिरवा, लाल, पिवळा बाजूला ठेवला आणि करड्या-तपकिरीत शिरली. अठ्ठेचाळीस नव्हे, पण दहाबारा तपकिरी मी तिच्या दांडीवर मोजल्या आहेत. माझ्या पहिल्या पगारातून मी तिला एक साडी घेतली होती, डाळिंबी रंगाची. तिने ती डोळ्यांना लावली, देवापुढे ठेवली, ट्रंकेत ठेवली. नेसली नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात घरातल्या एका गोधडीचा कोपरा उसवला. आईचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, म्हणून टाके घालायला मी घेतली. वरून विटकी राखाडी साडी, खालून तसलीच बदामी. फाटक्या जागेतून मधला थर दिसला. डाळिंबी. बोट घालून मी थोडे आत पाहिले. अख्खी साडी होती, उभ्या धाग्याने एकेका वितीवर पक्की केलेली, आणि रंग अगदी दुकानातून आणल्यासारखा. आई किती वर्षे ती गोधडी पांघरते आहे ते मी आठवू लागले. दहा तरी झाली असतील.

मी टाके घातले आणि गोधडी घडी करून ठेवली. आईला काही म्हटले नाही.

बोस्टनच्या संग्रहालयात या जपानी चित्रांचा एक मोठा संग्रह आहे. स्पॉल्डिंग नावाच्या दोघा भावांनी तो १९२१ मध्ये दिला, सहा हजारांहून जास्त चित्रे, आणि अट घातली की ती कधीही भिंतीवर लावायची नाहीत. कारण त्यांचे रंग वनस्पतींचे. एका रानफुलाचा निळा आणि करडईच्या फुलाचा लाल उजेडाने उडून जातात. जगातल्या पुष्कळ संग्रहालयांत आपण ज्याला उतामारोचा नाजूक फिका रंग म्हणून वाखाणतो, तो खरोखर उडालेला जांभळा असतो. स्पॉल्डिंग बंधूंच्या चित्रांतले रंग मात्र न दाखवल्यामुळे ताजे राहिले. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे बोस्टन नव्हते हे वेगळे सांगायला नको.

इतके दिवस मी एक विषय टाळीत आले. सणाच्या अंकात तो नको असे वाटते, पण टाळला तर ही चित्रे अर्धीच सांगितल्यासारखी होतील.

या चित्रांतल्या सगळ्यांत भारी कपड्यांतल्या, गाठ पाठीऐवजी पुढे बांधलेल्या बायका योशिवारातल्या. योशिवारा म्हणजे एदोच्या कडेला भिंत आणि खंदक घालून वसवलेली कलावंतिणींची सरकारमान्य वस्ती. कोर्युसाइ या चित्रकाराने १७७६ च्या सुमारास एक मालिका सुरू केली, नव्या नक्षीच्या नमुन्यांची. नववर्षाच्या कोऱ्या कपड्यांत मिरवणाऱ्या नामांकित स्त्रियांची शंभराहून जास्त चित्रे. त्या काळी बायका ही चित्रे पाहून आपल्या रंगाऱ्याला नमुने सांगत. प्रत्येक चित्रात मोठ्या बाईच्या पुढेमागे दोन लहान मुली असतात, बहुधा एकसारख्या कपड्यांत, केसांत फुले खोवलेल्या. माझ्या वर्गात एक दिवस मी रंग ओळखण्याच्या तासाला हे कार्ड नेले. मुले सहासात वर्षांची. एका मुलीने विचारले, "बाई, या दोघी तिच्या मुली का?"

"नाही," मी म्हटले. "तिच्याजवळ राहतात."

"मग त्यांची आई कुठंय?"

या मुलींना कामुरो म्हणत. सहासात वर्षांच्या असताना त्यांना आणीत. बहुतेकींच्या आईबापांनी कर्जापायी किंवा दुष्काळापायी पैसे घेऊन करार लिहून दिलेला असे. तिथे त्यांना अक्षर शिकवीत, गाणे शिकवीत, कविता शिकवीत. म्हणजे शाळाच म्हणायची. मोठी झाल्यावर ज्या वस्त्रांसाठी सगळे शहर त्यांच्याकडे पाही, त्यांचा खर्च त्यांच्याच नावे मांडला जाई. जितके वस्त्र भारी, तितके कर्ज भारी, तितकी सुटका लांब. तिथल्या ज्यांना पुरायलाही कोणी आले नाही त्यांना जवळच्या जोकान-जी मंदिरात आणून टाकीत. त्या मंदिराला लोक 'टाकून द्यायचे देऊळ' म्हणत. सुमारे पंचवीस हजार जणींची तिथे नोंद सांगतात. योशिवारा अखेर बंद झाले ते १९५८ मध्ये, नवा कायदा अमलात आल्यावर.

मी त्या मुलीला सांगितले, "त्यांची आई गावी आहे." तेवढे उत्तर तिला पुरले. ती निळा रंग शोधायला लागली. मला मात्र तो तास पुढे नीट घेता आला नाही.

ही चित्रे काढणारे जवळजवळ सगळे पुरुष. होकुसाइची लेक ओई ही मोठी चित्रकर्ती होती. तिचे एक चित्र आहे, ठशाचे नव्हे, हाताने रंगवलेले: योशिवाराची रात्र. कंदिलांचा उजेड, लाकडी गजांची जाळी, जाळीच्या आत ओळीने बसलेल्या भरजरी बायका आणि बाहेर अंधारात पाहणारे लोक. जाळीचे गज नेमके असे आले आहेत की आतल्या स्त्रियांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. कपडे झगझगीत दिसतात. बापाच्या घरात बसून ती हे सारे पाहत होती. तिची सही चित्राच्या कडेला नाही. कंदिलांवरच्या अक्षरांत तिने आपले नाव लपवले आहे.

कार्डांतले शेवटचे मी आईला मुद्दाम उशिरा दाखवले. इतो शिन्सुई याचे, १९१६ चे, 'आरशापुढे'. तोवर एदोचे टोकियो झाले होते, छायाचित्रे आली होती, ठशांचा धंदा बुडत आला होता. वातानाबे नावाच्या एका प्रकाशकाने हट्टाने तरुण चित्रकार, जुने कोरणारे आणि जुने छापणारे पुन्हा एकत्र आणले. शिन्सुई तेव्हा अठरा वर्षांचा. चित्रात एकटी बाई आरशापुढे बसलेली. नक्षीचा फारसा सोस नाही, दुकानाचे नाव नाही. काळे केस, गोरी मान आणि लाल वस्त्र. इतका गडद लाल, की तो कागदात मुरलेला वाटतो. १९२३ च्या भूकंपातल्या आगीत वातानाबेचे ठोकळे जळून गेले. त्याआधी छापलेल्या प्रती तेवढ्या राहिल्या.

आईने मशीन थांबवले. कार्ड खिडकीशी नेले, डोळ्यांजवळ धरले.

"हिला नवरा आहे?" तिने विचारले.

"चित्रात कळत नाही."

"काहीच खूण नसते?"

"पूर्वी असायची. लग्न झालेल्या बायका दात काळे करायच्या, भुवया काढायच्या. हिच्या वेळेपर्यंत ते बहुतेक गेलं होतं."

"म्हणजे नसला तरी कळणार नाही."

"नाही कळणार."

तिने कार्ड आणखी थोडा वेळ पाहिले. मग मशीनच्या मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला, जिथे ती गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या अडकवते, तिथे ते चिठ्ठ्यांच्या वर नीट बसवले.

"असू दे इथं," ती म्हणाली. "टीप घालताना समोर काहीतरी लागतं." आणि तिने पायट्यावर पाय ठेवला.